लाल मांस, पांढरी दोरी

मुंबईत देवनारला महापालिकेचा कत्तलखाना आहे. तो १९७१ साली सुरू झाला. तिथं सोललेल्या बोकडाच्या तंगडीवर लाल मांस दिसतं. मांसाच्या टोकाला पांढरी, चिवट दोरी असते. आपलं शरीरही तसंच आहे.

लाल मांस म्हणजे स्नायू. स्नायू आखडतो आणि हाड ओढतो. त्याला ढकलता येत नाही. म्हणून हात वाकवायला एक स्नायू, सरळ करायला दुसरा.

पांढरी दोरी म्हणजे कंडरा. ती स्नायूला हाडाशी जोडते. टाचेच्या वर मागं चाचपून पाहा, हाताला लागेल. कंडरेला रक्त कमी मिळतं. म्हणून ती दुखावली तर सावकाश बरी होते.

तेव्हा सूज उतरली म्हणून लगेच ओझं उचलू नका. डॉक्टरांना विचारा. बैल कितीही दांडगा असो, नाडा तुटला की मोट विहिरीतच!