खो मिळाला की उठायचं!
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



मी सांगलीचा. शाळेत खो-खोचे सामने पाहण्याचे वेड लागले, डिप्लोमा करताना खेळलो. रेल्वेच्या नोकरीने बिलासपूरला आणले आणि आता कॉलनीतल्या मुलांना शिकवतो.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे!

या खेळाला बॅट नको, बूट नको. दोन खुंट आणि नऊ गडी हवेत; आठ बसलेले, एक धावणारा. खो मिळाला की उठायचेच, आणि एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही. नोकरीपायी गाव सोडलेल्या आपल्याला हे वेगळे काय सांगावे?

पण सध्या मैदानावर सातच मुले येतात. दहावी आली की क्लाससाठी खेळ बंद, आणि तोही आधी मुलींचा. सातांत पाटी भरत नाही. खुंट मी रोवले आहेत, दोन गडी तुम्ही द्या. रोज सायंकाळी साडेपाचला. शेजारच्या हिंदी, तेलुगू मुलांनाही आणा. खो सर्वांना कळतो.

गणपती बाप्पा मोरया!