जखमी धामणीसाठी डबा



काढणीचे दिवस आले की सापाला विळा लागतो, कोयता लागतो. भाजीच्या वाफ्याला नायलॉनची जाळी लावतात, तिच्यात साप अडकतो. जितका सुटायला बघतो, तितका दोरा अंगात रुततो. असा साप दिसला की आपण काय करतो? दगड उचलतो. का, तर अर्धा मेलेला साप डूख धरतो म्हणे! अहो, माणूस ओळखून ठेवायची बुद्धी सापाला नाही.

अशा वेळी सापडते ती बहुतेक धामण. तिच्यावर आपण लोकांनी फार आळ घेतले आहेत. ती नागाची मादी, म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असे म्हणतात. सगळे खोटे. नागाची मादी नागीणच. सापाला ओढून पिण्याजोगे ओठ नाहीत, आणि दात तर सुयांसारखे. म्हैस उभी राहील का? धामणीला विष नाही. ती उंदीर खाते. कणगीतले धान्य कोण राखते, ते घरातल्या बाईला विचारा.

पण एक गोष्ट नीट ऐका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप विषारी आहेत, आणि घाईत धामण कोणती नि नाग कोणता हे भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून सापाला हात लावायचा नाही. पोरे दूर न्या, कुत्री बांधा, लांबून नजर ठेवा. वनखात्याला 1926 या नंबरावर फोन करा, जवळच्या सर्पमित्राला बोलवा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने साप मारणे गुन्हा आहे, तसा तो घरी पाळणेही गुन्हा आहे. तेव्हा कळवायचे ते आधीच.

तुम्ही म्हणाल, मास्तर, मग आम्ही काय करायचे? तुम्ही डबा तयार करायचा. सर्पमित्र येईल, पण गुरांचा डॉक्टर सकाळीच भेटायचा. ती रात्र धामण कुठे राहील? त्याला विकत काही आणायला नको.

धान्याचे घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप किंवा मोठा डबा घ्या. आतून गुळगुळीत पाहिजे. खिळा तापवून वरच्या बाजूला बारीक भोके पाडा, करंगळीही जाऊ नये इतकी. खिळा आतून बाहेर घाला, म्हणजे धारेची कड बाहेर राहते. साप वाट शोधत नाक घासतो, आत कड असली तर तोंड फाटते. याच कारणाने तारेची जाळी लावू नका. भोके साप यायच्या आधीच पाडायची, हे सांगायला नको.

तळाला जुने वर्तमानपत्र अंथरा. माती, भुसा, कडबा नको. तो जखमेत चिकटतो, जखम सडते. कागद घाण झाला की बदलता येतो, रक्त किती गेले तेही दिसते. आत फुटक्या मडक्याचे मोठे खापर पालथे ठेवा, पण त्याच्या कडा दगडावर घासून घ्या. लपायला जागा मिळाली की जनावर शांत पडते. रात्रभर राहणार असेल तर जड, उथळ परळात थोडे पाणी ठेवा. खोल भांडे नको, दुबळा साप त्यात बुडतो.

साप डब्यात घालायचे काम सर्पमित्राचे. झाकण लागले की वरून सुतळी बांधा. डबा अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवा. चुलीजवळ नको, उन्हात तर नकोच. सापाला अंगची ऊब नसते, बंद डब्यात तो शिजून मरेल. थंडी फार असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, डब्याच्या एका बाजूला बाहेरून टेकवा. दुसरी बाजू गार राहू द्या. त्याला हवी तिकडे तो सरकेल.

आणि मुंग्या! जखमेच्या वासाला त्या हटकून येतात, जिवंत साप खातात. डबा पाटावर ठेवा, पाटाखाली चार विटा, विटा पाण्याच्या ताटल्यांत. आपल्या बाया दुधाचे पातेले असेच ठेवतात की.

जखमेवर हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. दूध पाजू नका. नागपंचमीला पाजतात म्हणून ते सापाचे अन्न होत नाही. उंदीरही घालू नका. साप कैक दिवस उपाशी राहतो, त्याला काही होत नाही. दर घटकेला झाकण उघडून पोरांना दाखवणे, हाच सर्वांत मोठा त्रास.

एवढे करूनही कोणाला साप चावलाच, तर बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. चावलेला हातपाय हलू देऊ नका. 108 ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा. विषावरचे इंजेक्शन तिथे असते.

धामण बरी झाली की वनखात्याच्या सांगण्याने ती जिथे सापडली त्याच बांधावर सोडतात. तिथली बिळे तिला माहीत असतात. मग कागद जाळून टाका, हात साबणाने धुवा, डबा धुऊन उन्हात वाळवा. त्यात पुन्हा धान्य भरू नका. झाकणावर खूण करून तो पुढच्या वेळेसाठी पडवीत ठेवून द्या.