सुट्टी कुणाची?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये आम्ही दोघं, मुलगा आणि सून असे आठवडाभर एका दगडी घरात राहिलो. तिथं याला ‘सेल्फ-केटरिंग कॉटेज’ म्हणतात. घर, भांडीकुंडी, शेगडी मालकाची. शिधा आणि हात आपले!

हे कळल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, म्हणजे तुम्हाला सुट्टी आणि मला नुसतं नवं स्वयंपाकघर? तसं स्पष्टच बोलले. मग पाळ्या लागल्या. पहिल्या संध्याकाळी ह्यांनी खिचडी केली. ती खाली लागली, पण कुणी नावं ठेवली नाहीत. मी चहाचा कप घेऊन खिडकीत बसले. समोर चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, पलीकडे मेंढ्या आणि थांबून थांबून येणारा पाऊस.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही बरं का. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी १९०५ साली तिथं ‘हिल टॉप’ हे शेत घेतलं. पुढे त्या आणखी शेतं घेत गेल्या. १९४३मध्ये त्या वारल्या, तेव्हा १४ शेतं आणि ४ हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टसाठी ठेवली होती. कुणीतरी जपलं, म्हणून आम्हाला ते बघायला मिळालं.

घरातली शांतताही कुणीतरी जपतच असतं. तेव्हा मंडळी, असं घर घ्याल तर सामानाच्या यादीआधी स्वयंपाकाच्या पाळ्या ठरवा. म्हणजे सुट्टी सगळ्यांची होईल.