विश्रांतीचा हंगाम

2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन हा ऑलिंपिक खेळ झाला. 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल चालविणे व 10 किलोमीटर धावणे त्यात सलग करावे लागते. हंगाम संपताच खेळाडूपुढे दोन धोके उभे राहतात. सराव पूर्ण थांबविल्यास काही आठवड्यांतच दमसास घटतो. तितकाच चालू ठेवल्यास दुखापत बळावते, मनही विटते. म्हणून जाणता खेळाडू प्रथम थोडे दिवस विसावतो. मग हलका व्यायाम, स्नायूंना बळ देणारी कसरत व पोहण्यातील उणिवांची दुरुस्ती हाती घेतो. सवंगड्यांची सोबत त्याचा उत्साह टिकविते. उन्हाळ्यात शेत नांगरणारा शेतकरी हेच करतो. शाळेतील खेळाडूंनाही ही दृष्टी द्यावयास हवी.