सहीआधीची एक रात्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मला लोणच्याचे प्रमाण विचारा, भाषण कसले करायला सांगता!" पण त्या म्हणाल्या, "तुमच्या नोकरीची ती हकीकत सांगा." ती मी आजवर कुणाला धड सांगितली नव्हती, कारण तीत शहाणपणा काही नाही, आहे तो माझाच उतावळेपणा. परंतु आपल्या मुली-सुना आज नोकऱ्या करतात. त्यांच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

१९८४ साली मी ठाण्याजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात लागले. कारखान्यात आम्ही सारे मिळून साठ-सत्तर माणसे. चौदा वर्षे मी तिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. १९९८ साली एका शनिवारी आम्हा बायकांना एकेकीला कचेरीत बोलावले. पॅकिंगचे काम आता यंत्रावर होणार, बायकांची गरज उरली नाही, असे कळले. टेबलावर इंग्रजीत टंकलिखित दोन कागद होते आणि शेजारी ४०,००० रुपयांचा चेक. साहेब गोड शब्दांत म्हणाले, "बाई, कंपनी तुमच्यासाठी मुद्दाम एवढे करते आहे. आज सही केलीत तर चेक आज. उद्याचे मी सांगू शकत नाही."

माझे यजमान गिरणीकामगार. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नव्हते. थोरलीच्या कॉलेजची फी भरायची होती. चाळीस हजार रुपये एकरकमी मी जन्मात पाहिले नव्हते. दहा मिनिटांत दोन्ही कागदांवर सह्या करून मी बाहेर पडले, आणि येताना चक्क पावशेर पेढे घेतले.

आमच्यात एक वयाने मोठी बाई होती, तिला आम्ही ताई म्हणत असू. तिने कागद हातात घेतले आणि म्हणाली, "साहेब, मला इंग्रजी येत नाही. घरी वाचून घेते, सोमवारी सांगते." साहेब रागावले, पण ती हलली नाही. तिचे दीर कामगार संघटनेच्या कचेरीत कारकून होते. रविवारी ती माझ्याकडे आली आणि कॅलेंडरच्या पानामागे तिने हिशेब मांडून दाखवला.

माझा पगार महिना २,६०० रुपये. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे दिवस २६ धरतात, म्हणजे रोज १०० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणे चौदा वर्षांचे झाले २१,००० रुपये. मालकाने कामावरून कमी केले तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून द्यावा लागतो, ते १८,२०० रुपये. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार २,६०० रुपये. बेरीज ४१,८०० रुपये. हे सारे सही न करताही माझेच होते. आणि मला मिळाले चाळीस हजार! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, त्यातला प्रकार. माझ्या सहीची किंमत मला माझ्याच पैशांतून दिली होती, तीही अठराशे रुपये कापून.

आणि कागदांत काय होते? पहिला होता राजीनामा: "मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे." दुसऱ्यात लिहिले होते की ग्रॅच्युइटीसह सर्व येणे मिळाले, आता माझा कोणताही हक्क उरला नाही, मी कोर्टात जाणार नाही.

मी सरकारी कामगार कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "बाई, ग्रॅच्युइटी कायद्याने दिलेली आहे, करार करून ती बुडवता येत नाही. पण ती मिळाली असे तुम्हीच लिहून दिले आहे. आणि जी स्वखुशीने जाते तिला कपातीची भरपाई नसते. दबावाने सही घेतली म्हणाल, तर तो दबाव तुम्हाला सिद्ध करावा लागेल." कोर्टाच्या खेपा घालण्याची माझी ऐपत नव्हती. मी गप्प बसले.

ताई आणि तिच्यासारख्या सात-आठ जणींनी राजीनामा दिला नाही. दोन महिने त्यांनी ओढाताण सोसली. अखेर त्यांना ग्रॅच्युइटी, भरपाई, नोटिशीचा पगार, असे सारे वेगवेगळे मांडून मिळाले, आणि भांडण मिटवण्याबद्दल वर काही रक्कम मिळाली. भगिनींनो, सहीची खरी किंमत ती वरची रक्कम! बाकीचे ते आपले घामाचे.

आता कायद्यांची नावे बदलली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पण कपातीच्या भरपाईचे ते पंधरा दिवस कायम आहेत. ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांची नोकरी लागते, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला मात्र आता एका वर्षानंतरही ती मिळते. नोकरी सुटली की राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. भविष्यनिर्वाह निधी तर आपल्याच खात्यातला. त्यावर कुणी उपकाराची भाषा करू नये.

माझी भाची अमेरिकेत असते. तिची नोकरी गेली तेव्हा तिलाही असाच कागद पुढे आला. पण तिथे १९९० सालचा एक कायदा आहे. चाळीस वर्षांवरच्या नोकराकडून वयाबद्दलच्या भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा, तर विचाराला निदान २१ दिवस द्यावे लागतात. अनेकांना एकदम कमी केले तर ४५ दिवस. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. वकिलाचा सल्ला घ्या, असे लेखी सांगावे लागते, आणि हक्काच्या पैशांहून काही अधिक द्यावे लागते. भाचीने हे फोनवर सांगितले तेव्हा मला तो शनिवार आठवला. मला २१ दिवस नको होते, एक रात्र पुरली असती.

आपल्याकडे हे दिवस कायदा मोजून देत नाही, ते आपणच मागून घ्यायचे. म्हणून घरी जाऊन आपल्या लेकी-सुनांना एवढेच सांगा: कागद घरी आण. राजीनामा आहे की कपात आहे, ते आधी पाहा. हक्काचे किती आणि सहीबद्दल किती, हे दोन रकान्यांत लिहून माग. न समजलेल्या कागदावर सही करू नकोस, आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस. कधी कधी सही करणेच शहाणपणाचे असते, भांडणात आयुष्य घालवावे असे मी म्हणत नाही. पण काय देतो आणि काय घेतो, हे कळून करावी.

आपण भाजीवालीकडे दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करतो, आणि चौदा वर्षांचा हिशेब दहा मिनिटांत उरकतो! माझ्या हातून ते झाले. तुमच्या घरात होऊ नये, एवढ्यासाठी आज तोंड उघडले.