मेळ जमेपर्यंत थांबावे काय?



पत्ते म्हटले की आपल्यापुढे झब्बू, बदाम सात किंवा रमी उभी राहते. या खेळांत शेजारी बसलेला माणूस बहुधा आपला प्रतिस्पर्धी असतो. आज ज्या खेळाविषयी बोलावयाचे आहे त्यात मात्र सारे खेळाडू एकाच पक्षाचे असतात. विरुद्ध बाजूच्या खलनायकाच्या वतीने कोणी माणूस खेळत नाही. तो पत्त्यांवर छापलेल्या नियमांनीच चालतो. ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ हा तो अमेरिकन खेळ. फँटसी फ्लाइट गेम्सने तो २०१९ साली प्रसिद्ध केला, आणि एकापासून चार जणांपर्यंत कितीही जणांना तो खेळता येतो.

या खेळात प्रत्येकाने एक महानायक निवडावयाचा आणि त्याच्यासाठी पत्त्यांचा कॅट स्वतः रचावयाचा. कॅटात ४० हून कमी आणि ५० हून अधिक पाने चालत नाहीत. त्यांपैकी १५ पाने त्या नायकाची स्वतःची असतात. ती ठेवावीच लागतात. उरलेली पाने आपण निवडावयाची. मूळ संचात आक्रमण, न्याय, नेतृत्व आणि संरक्षण अशा चार वृत्ती आहेत. साधारणपणे त्यांतील एकीची पाने आणि सर्वांना खुली असलेली पाने घेता येतात. एकाच नावाची फार तर तीन. शिवाय पान खेळावयाचे तर त्याची किंमत बहुधा हातातील दुसरी पाने टाकून द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक पान हे हत्यारही आहे आणि नाणेही आहे.

अशा खेळात काही पाने एकमेकांच्या साहाय्याने फार मोठे काम करतात. त्यालाच मी मेळ म्हणतो. ब्लॅक पँथर या नायकाचे उदाहरण घ्या. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली चित्रकथेत आणलेला हा वाकांडाचा राजा. त्याच्या कॅटात चार आयुधे आहेत : खंजीर, पंजे, चिलखत आणि डावपेचांची बुद्धी. ‘वाकांडा फॉरेव्हर’ नावाचे पान खेळले की टेबलावर मांडलेली सर्व आयुधे आपण ठरवू त्या क्रमाने एकदम चालतात, आणि शेवटी येणाऱ्याचा प्रभाव दुप्पट होतो. पंजे शेवटी ठेवले तर त्यांचा एकट्यांचाच घाव चारांचा. या साऱ्याची किंमत किती? फक्त एक!

ही पाने कॅटात पाच असतात. आता थोडे गणित पाहा. ४० पानांचा कॅट नीट पिसून वरची पाच पाने उचलली, तर त्यांत हे पान निदान एक तरी असण्याचा संभव शेकडा ५१ पडतो. कॅट ५० पानांचा केला की तोच शेकडा ४२ वर येतो. म्हणून मेळावर भिस्त ठेवणाऱ्याने चांगले दिसणारे प्रत्येक पान भरण्याचा मोह आवरावा. लहान कॅट लवकर संपतो आणि संपला की एक जादा संकट ओढवून घ्यावे लागते, हे खरे. पण तो दंड मला परवडणारा वाटतो.

एवढा हिशेब करून मी भाच्याबरोबर खेळावयास बसलो. तो स्पायडर-मॅन झाला, मी ब्लॅक पँथर. समोर ऱ्हायनो. दोघांच्या डावात त्याच्या कारस्थानाची मर्यादा १४ असते. कारस्थान तेथे पोहोचले की डाव गेला. माझ्यापुढे डावपेचांची बुद्धी मांडलेली होती आणि हातात ‘वाकांडा फॉरेव्हर’ होते. पण पंजे आले नव्हते! ते येतील म्हणून मी ते पान तीन फेऱ्या धरून बसलो. धरलेले पान जागा अडवते, नवे पान तेवढे कमी मिळते. इकडे भाचा एकटाच कारस्थान मागे रेटीत होता. अखेर पंजे आले, आणि त्याच फेरीत कारस्थान १४ वर जाऊन पोहोचले.

भाचा म्हणाला, “मामा, हात फार सुंदर होता तुमचा, पण डाव गेला.”

नंतर मी ते पान पुन्हा वाचले. टेबलावर एकच आयुध असेल तर तेच शेवटचे ठरते आणि त्याचाच प्रभाव दुप्पट होतो. म्हणजे मी ते पान वेळीच खेळलो असतो तर कारस्थान दोनांनी मागे आले असते आणि ती फेरी तरी निभावली असती. रचनाकारांनी अपुऱ्या मेळालाही फळ ठेवले होते. पुरा मेळ पाहण्याचा हट्ट माझा होता.

तेव्हापासून कॅट रचताना मी प्रत्येक पानाला एक प्रश्न विचारतो : तुझे सोबती आले नाहीत, तर तू एकटे काय करशील? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मी सहसा घेत नाही. आणि खेळताना दुसरा प्रश्न स्वतःला विचारतो : माझा मेळ जमेपर्यंत त्याचा भार कोण वाहतो आहे? प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळताना थांबण्याची किंमत आपण एकटे देतो. सहकारी खेळात ती शेजाऱ्याच्या खात्यावर पडते.

मेळ पानांचा जमावा हे खरेच. पण तो आधी खेळाडूंचा जमला पाहिजे.