परकीयद्वेष आणि समाजमाध्यमे : संशोधन काय सांगते?



परक्या माणसाविषयीचा द्वेष समाजमाध्यमे निर्माण करतात काय, या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, सारा दोष या नव्या यंत्राचा आहे. दुसरे असे की, यंत्र निर्जीव असते, दोष माणसाच्या मनाचा. पहिल्या उत्तराने राजकारणी मंडळी सुटतात, दुसऱ्याने कंपन्यांचे मालक सुटतात. तेव्हा ही दोन्ही उत्तरे पुराव्याच्या कसोटीला लावून पाहणे अगत्याचे आहे.

कसोटी लावणे मात्र सोपे नाही. ज्या शहरांत समाजमाध्यमांचा प्रसार अधिक, तेथे परप्रांतीयांवरील हल्लेही अधिक, असे आढळले तरी एक गोष्ट दुसरीचे कारण ठरत नाही. शहराचा आकार, उत्पन्न, स्थलांतरितांची संख्या यांपैकी कशामुळेही दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढू शकतात. बुर्श्टिन, एगोरोव, एनिकोलोपोव आणि पेट्रोवा या चार अर्थशास्त्रज्ञांनी रशियासंबंधी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही अडचण मोठ्या कल्पकतेने ओलांडली आहे.

रशियातील सर्वांत मोठे समाजमाध्यम ‘व्हीकॉन्ताक्ते’ हे पावेल दुरोव या तरुणाने २००६ साली सुरू केले. तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि त्याचे पहिले सभासदही त्याच विद्यापीठातील होते. त्यांच्यामार्फत हे माध्यम त्यांच्या त्यांच्या गावी लवकर पोहोचले. एखाद्या शहरातील मुले दुरोवच्याच काळात तेथे शिकत होती, की त्याच्या काही वर्षे आधी वा नंतर, हा बहुतांशी योगायोगाचा भाग. या योगायोगाच्या आधारे संशोधकांनी शहराशहरांची तुलना केली.

निष्कर्ष असा निघाला : माध्यमाचा प्रसार अधिक झाल्याने वांशिक द्वेषातून घडणारे गुन्हे वाढले; परंतु जेथे उग्र राष्ट्रवादी भावना आधीपासून प्रबळ होती, त्याच शहरांत. ही पूर्वीची भावना मोजण्यासाठी २००३ च्या संसदीय निवडणुकीत ‘रोदिना’ म्हणजे ‘मातृभूमी’ या पक्षाला मिळालेली मते प्रमाण मानली गेली.

या पक्षाकडे समाजवादी कार्यकर्त्याने विशेष लक्ष द्यावे. तेलसंपत्तीवर मूठभर धनिकांनी मिळविलेला नफा जनतेकडे वळवावा, ही त्याची मागणी होती. ऐकताना ती आपलीच वाटावी. याच पक्षाने २००५ साली मॉस्कोच्या निवडणुकीत शहरातील ‘कचरा’ साफ करण्याची जाहिरात केली. तो कचरा म्हणजे कॉकेशसकडून आलेली माणसे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. द्वेष पसरविल्याबद्दल न्यायालयाने पक्षाला त्या निवडणुकीतून बाद केले. आर्थिक मागणी पुरोगामी असली की तिच्यासोबतचा द्वेष आपोआप विरून जातो, ही समजूत किती भोळी आहे, हे यावरून ध्यानात येते.

अभ्यासाचे आणखी दोन निष्कर्ष आहेत. पहिला : अनेकांनी मिळून केलेल्या गुन्ह्यांवर माध्यमाचा परिणाम अधिक दिसला. एकाकी द्वेष्ट्याला आपल्यासारखे दुसरे सापडले, टोळी जमविणे सोपे झाले. दुसरा : माध्यमाने तरुणांची व अल्पशिक्षितांची मनेही अधिक कलुषित केली. उघड विचारल्यास माणूस द्वेष कबूल करीत नाही. म्हणून पाहणीत कोणती विधाने मान्य आहेत हे न विचारता किती मान्य आहेत एवढेच विचारले गेले, आणि द्वेषाचे विधान त्यांतील काही याद्यांत घालून फरक मोजला गेला.

जर्मनीतील पुरावा याला पूरक आहे. निर्वासितांच्या प्रश्नावर २०१५ नंतर तेथे वातावरण तापले. म्युलर व श्वार्झ यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, निर्वासितविरोधी मजकुराला ऊत येई तेव्हा फेसबुकचा वापर अधिक असलेल्या गावांत हल्ले अधिक वाढत. मात्र जेथे इंटरनेट बंद पडे, तेथे हा परिणाम जवळजवळ नाहीसा होई. म्हणजे यंत्र निर्दोष नाही, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळविणारी टोळी समजून, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आले. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरली होती. मेलेल्यांपैकी बहुतेक जण याच राज्याचे होते. परकेपणा सीमेवर ठरत नाही, तो जमाव ठरवितो. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. ती आवश्यकच होती. पण भटक्यांविषयीचा संशय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतका तरी जुना आहे. हा कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, संशय झाला नाही.

यातून दुहेरी कर्तव्य निष्पन्न होते. द्वेषाच्या प्रसारातून नफा कमावणाऱ्या कंपन्यांवर लोकशाही नियंत्रण हवे, ही मागणी सोडता कामा नये. परंतु तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही. रशियातील ज्या शहरांत उग्र राष्ट्रवादाची भूमी आधी तयार नव्हती, तेथे तेच माध्यम येऊनही गुन्हे वाढले नाहीत. ही भूमी मोहल्ल्यात, कारखान्याच्या दाराशी, बाजाराच्या गावी घडते किंवा बिघडते. स्थानिक कामगार आणि बाहेरून आलेला कामगार एका संघटनेत एकत्र बसतात काय, पालावरच्या माणसाला गाव नावाने ओळखते काय, हे अफवा येण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. आल्यानंतर वेळ उरत नाही.